जपणं आणि धरून ठेवणं



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक २६ ते २८.

या तीन श्लोकांत भगवंत कर्त्याचे तीन प्रकार सांगतात. काम एकच असलं तरी करणारे तीन तऱ्हांचे असतात. सात्त्विक कर्ता तो, ज्याचा संग सुटलाय, जो 'मी केलं, मी केलं' असं घोकत नाही, ज्याच्याजवळ धीर आहे आणि उत्साहही आहे, आणि काम जमलं काय किंवा फसलं काय, जो आतून हलत नाही. राजस कर्ता फळासाठी आसुसलेला. लोभी, प्रसंगी दुसऱ्याला दुखवून काम काढून घेणारा, घटकेत खूश आणि घटकेत दुःखी. तामस कर्ता आळशी, ताठर, सदा रडवेला आणि चालढकल करणारा. या शेवटच्या लक्षणाला गीतेत फार नेमका शब्द आहे : दीर्घसूत्री. म्हणजे सूत लांबवत बसणारा. आजचं उद्यावर, उद्याचं दिवाळीनंतर.

हे श्लोक वाचताना मी दर वेळी एकाच ठिकाणी अडते. संग नको पण उत्साह हवा, हे दोन्ही एकाच माणसात कसं बसायचं? आपला अनुभव उलटा असतो. ज्यात जीव गुंतलाय त्यासाठी आपण रात्र रात्र जागतो, आणि ज्यातून जीव निघाला ते काम ढकलत राहतो. ऑफिसात नोटीस पीरियडवर असलेला माणूस आठवा. त्याचा संग अगदी छान सुटलेला असतो. पण उत्साह? तो राजीनाम्याच्या दिवशीच घरी गेलेला असतो.

हा प्रश्न सध्या माझ्यापुढे पोथीतून नाही, परसातून आलाय. म्हणून आज जरा लोखंडाविषयी बोलायचं आहे.

आमच्या कराडच्या घरामागे एक ट्रक उभा आहे. आजोबांनी १९६२ साली घेतलेला टाटा-मर्सिडीज-बेंझ. टेल्को ही जमशेदपूरची कंपनी १९४५ सालची, सुरुवातीला रेल्वेची इंजिनं बनवायची. १९५४ साली जर्मनीच्या डेमलर-बेंझशी करार करून तिने ट्रक काढायला घेतले. तो करार १९६९ साली संपला. त्यामुळे त्या पंधरा वर्षांतल्या गाड्यांच्या नाकावर ती प्रसिद्ध तीन टोकांची चांदणी आहे. 'आमच्याकडं मर्सिडीज होती' असं काका पाहुण्यांना गंभीर चेहऱ्याने सांगतात आणि मग पाहुण्यांना मागच्या दारी घेऊन जातात!

या ट्रकने आमच्या भागातला गूळ पार गुजरातपर्यंत पोचवलाय. आधी आजोबा चालवायचे, मग काका. त्याचं पासिंग कधीच संपलं. आता तो रस्त्यावर जात नाही. रविवारी सुरू करायचा, परसात चार हात पुढे, चार हात मागे, आणि परत बंद. काकांचं वय ७८. कंपवातामुळे हातात पाना ठरत नाही. मी आठवडाभर पुण्यात लॅपटॉपपुढे असते, शनिवारी रात्री कराडला येते आणि रविवारी सकाळी दोन-तीन तास काका खुर्चीत बसून सांगतात तसं करते. मोठं काही नाही. ग्रीस मारणं, बॅटरीच्या टर्मिनलवरचा पांढरा बुरा गरम पाण्याने धुऊन त्यावर व्हॅसलीन लावणं, डिझेलचा फिल्टर बदलणं, फाळक्याच्या बिजागऱ्यांना तेल देणं, असली किरकोळ कामं.

आता खरी गोष्ट. ती जागा विकली गेली आहे. घरातल्या सगळ्यांनी मिळून घेतलेला निर्णय आहे, त्यात कुणाची चूक नाही. तुळशीच्या लग्नानंतर परस रिकामं करून द्यायचंय. ट्रक कुणी हौशी माणूस नेईल का म्हणून विचारून झालं, पण एवढं मोठं धूड ठेवायला जागा आहे कुणाकडे? शेवटी भंगारवाल्याशी बोलणं झालं. भाव वजनावर ठरला.

हे ऐकल्यावर माझी एक मैत्रीण म्हणाली, "अगं, मग तू त्याला अजून ग्रीस कशाला मारतेस? दोन महिन्यांनी कापणार आहेत त्याला. याला आसक्ती नाही म्हणत तर काय म्हणतात? रोज गीता वाचतेस आणि भंगारात जीव अडकवतेस!"

प्रश्न बोचरा आहे, पण रास्त आहे. तो झटकून टाकायला मला आवडणार नाही. जुनी वस्तू जपणं ही सेवा की ममता? आणि जी जाणारच आहे तिची निगा राखणं हे शहाणपण की वेडेपणा?

एक नट, तीन कर्ते

आधी कर्त्यांचे ते तीन प्रकार मला परसात कसे दिसले ते सांगते.

सायलेन्सरच्या जोडावर एक नट होता. उष्णता, पाणी आणि साठ वर्षांचा गंज यांनी तो बोल्टशी एकजीव झालेला. जोड सैल होता, धूर केबिनमध्ये यायचा. हा नट बरीच वर्षं तसाच होता, कारण 'एवढ्याशाने काय होतंय' असं प्रत्येकाने म्हटलं. दीर्घसूत्री माणसाचं हे लाडकं वाक्य. तो काम नाकारत नाही, फक्त सूत लांबवतो. आणि गंजाला तेवढंच हवं असतं.

मग घरातला एक तरणाबांड भाऊ सरसावला. त्याने पान्याच्या दांड्यावर लोखंडी पाइप चढवला आणि सगळं अंग टाकून हिसका दिला. शेजारचा दुसरा बोल्ट होता, तो कटकन मोडला. भाऊ वाईट नाही हो, त्याला मनापासून मदत करायची होती. पण त्याला नट काढायचा नव्हता, नट निघालेला बघायचा होता. या दोन्हींत फरक आहे. राजस कर्त्याचं लक्ष कामावर नसतं, कामाच्या पलीकडच्या क्षणावर असतं. समोरची वस्तू म्हणजे त्याच्या आणि त्या क्षणाच्या मधली अडचण. गीतेने राजस कर्त्याच्या लक्षणांत हिंसा का घातली असेल, हे मला त्या 'कटकन' आवाजात कळलं.

उरलेल्या नटासाठी काका म्हणाले, "आगं, त्याला आधी भिजू तरी दे की. घाई कशाला करतीस?" संध्याकाळी नटावर डिझेल आणि तेल सोडायचं. हातोडीने हलक्या टिचक्या मारायच्या, म्हणजे गंजाच्या फटींतून तेल आत उतरतं. रात्रभर तसंच ठेवायचं. सकाळी पुन्हा तेल, पुन्हा टिचक्या. मग पाना लावून आधी थोडं आवळायच्या दिशेने, मग सोडायच्या दिशेने, परत आवळायच्या दिशेने. एका रविवारी काही झालं नाही. पुढच्या रविवारी नट करकरला आणि फिरला.

गीतेने धीर आणि उत्साह एकाच श्लोकात जोडीने सांगितलेत, ते का याचं उत्तर या कामात आहे. नुसता उत्साह बोल्ट मोडतो. नुसता धीर म्हणजे नट आणखी दहा वर्षं तिथेच. तेल सोडून रात्रभर थांबणारा माणूस आळशी नसतो. त्याचं थांबणं कामाचाच भाग असतं.

'मी' नावाचा बुडबुडा

दुसरी गोष्ट डिझेलमधल्या हवेची. फिल्टर बदलला की नळीत हवा शिरते. डिझेल इंजिनाला ती अजिबात चालत नाही. कारण साधं आहे. पंपाने डिझेल दाबलं की ते दबत नाही, त्याचा जोर थेट पुढे पोचतो आणि नोझल उघडतं. पण मध्ये हवेचा बुडबुडा असेल तर पंपाचा सगळा जोर तो बुडबुडा दाबण्यात जातो. पंप मेहनत करतोय, स्टार्टर फिरतोय, बॅटरी उतरतेय, आणि इंजिनापर्यंत थेंब पोचत नाही.

उपाय धोपट आहे. फिल्टरवरचा स्क्रू थोडा सैल करायचा आणि हातपंप मारत राहायचा. आधी नुसतं फसफसतं, मग फेस येतो, मग थोडं डिझेल आणि थोडे बुडबुडे. इथे मन म्हणतं, झालं आता. काका म्हणतात, "आजून हाय. धार बघ." बुडबुड्याशिवायची सलग धार आली की, ती वाहत असतानाच स्क्रू आवळायचा.

सात्त्विक कर्त्याचं 'मी' न म्हणणं मला असं समजतं. 'मी' म्हणजे त्या नळीतली हवा. आपण कष्ट करतो यात शंका नाही, घामही खरा असतो. पण कामाला लावलेला जोर बराचसा 'मी करतेय' हे दाबून धरण्यात खर्च होतो आणि कामापर्यंत थोडाच पोचतो. संग सोड म्हणजे मन काढून घे, असा अर्थ आपण लावतो, आणि म्हणून उत्साह कुठून आणायचा हा प्रश्न पडतो. अर्थ बहुधा उलटा आहे. मधली हवा गेली की उत्साहाला आणायला जावं लागत नाही. तो होताच, फक्त पोचत नव्हता.

छोटं काम खरंच छोटं असतं का?

या जुन्या इंजिनात डिझेल थेट सिलिंडरमध्ये जात नाही. आधी एका छोट्या कोठडीत पेट घेतं आणि मग पुढे जातं. गार इंजिन सुरू करायचं तर ती कोठडी तापवावी लागते. त्यासाठी सहा हीटर प्लग असतात, सहा सिलिंडरना सहा. समोरच्या डॅशबोर्डवर एक छोटी तारेची गुंडाळी असते. ती लाल झाली की समजायचं, प्लग तापले, आता स्टार्टर मारा.

गंमत अशी की हे सहाही प्लग एकाच ओळीत जोडलेले असतात. एकातून निघालेली वीज दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. जुन्या दिवाळीच्या माळेसारखं. माळेतला एक दिवा गेला की अख्खी माळ अंधारात. तसंच एक प्लग गेला की सहाही गार आणि डॅशबोर्डवरची तारही काळी. मग एकेका प्लगला वायरचा तुकडा आडवा लावून बघायचं. ज्याला वळसा घातल्यावर तार लाल होते, तो मेलेला.

अशा वेळी मोठं काम कोणतं आणि छोटं कोणतं हे कसं ठरवायचं? एका बोटाएवढ्या प्लगमुळे एवढा मोठा ट्रक मुका होतो. आपल्या संतांनी हे फार आधी ओळखलं होतं. अरणच्या सावता महाराजांनी मळा सोडून देव शोधला नाही, तेरच्या गोरोबाकाकांनी चाक सोडून शोधला नाही. त्यांच्या हातातलं काम जगाच्या लेखी किरकोळच होतं. निंदणी, खुरपणी, माती तुडवणं. आपणच आपल्या कामांवर 'मोठं' आणि 'छोटं' अशी लेबलं चिकटवत बसतो.

पण मैत्रिणीच्या प्रश्नाचं काय?

कर्ता कसा असावा हे एक वेळ पटेल. पण वस्तूच जाणार असेल तर? इथे मला महाभारतातले दोन प्रसंग आठवतात. दोन्ही एकाच रथाचे आहेत.

पहिला युद्धाच्या चौदाव्या दिवसाचा, द्रोणपर्वातला. अर्जुनाने प्रतिज्ञा केली आहे : आज सूर्य मावळायच्या आत जयद्रथाला मारीन, नाहीतर अग्निप्रवेश करीन. जयद्रथ अजून लांब आहे. सूर्य कलतो आहे. आणि रथाचे घोडे थकलेत, तहानलेत, बाणांनी घायाळ झालेत. अशा वेळी कोणताही सारथी काय करेल? चाबूक मारेल. इथे काय होतं? रथ थांबतो, भर रणात. अर्जुन खाली उतरून पायी शत्रूंना अडवून धरतो. घोड्यांना पाणी हवं म्हणून तो अस्त्राने जमिनीतून तळं काढतो, बाणांचा आडोसा उभारतो. आणि श्रीकृष्ण घोडे सोडतात. त्यांच्या अंगातले बाण स्वतःच्या हातांनी उपटतात, अंग चोळतात, पाणी पाजतात, चारा देतात. घोडे ताजेतवाने झाल्यावर परत जुंपतात.

मंडळी, जरा थांबून हे डोळ्यांपुढे आणा. ज्याने तीन दिवसांपूर्वी नाही, तर युद्धाच्या पहिल्याच सकाळी अर्जुनाला विश्वरूप दाखवलं, तोच घोड्याची मान चोळतोय. सूर्य खाली चाललाय आणि त्याच्या हाताला घाई नाही.

दुसरा प्रसंग युद्ध संपल्यावरचा, शल्यपर्वातला. दुर्योधन पडला आहे. श्रीकृष्ण अर्जुनाला सांगतात, गांडीव घे, भाते घे आणि आधी तू उतर. अर्जुन उतरतो. मग श्रीकृष्ण उतरतात. ध्वजावरचा कपी नाहीसा होतो आणि तो दिव्य रथ पेट घेतो. जू, लगाम, घोडे, सगळ्यासकट त्याची राख होते. अर्जुन चकित होऊन विचारतो तेव्हा भगवंत सांगतात की, द्रोण-कर्णांच्या अस्त्रांनी हा रथ आधीच दग्ध झाला होता. मी बसलो होतो म्हणून तो टिकला. तुझं काम झालं, आता मी त्याला सोडलं.

ते विझवायला धावले नाहीत. हळहळले नाहीत. चौदाव्या दिवशी ज्या घोड्यांच्या अंगातले बाण त्यांनी एकेक करून काढले, ते घोडेही गेले.

हा प्रसंग मला बराच काळ खुपायचा. मग ते पाणी पाजणं वाया गेलं का? चारच दिवसांनी राख होणार हे ज्याला ठाऊक होतं, त्याने कशाला एवढं केलं? आता मला उलट वाटतं. तहान चौदाव्या दिवसाची होती. अठराव्या दिवसाचा हिशेब मांडून ती भागत नाही. श्रीकृष्णांना शेवट माहीत होता, म्हणून त्यांच्या हाताने कमी पाणी पाजलं नाही. आणि इतकं जपलं होतं म्हणून शेवटी त्यांचा हात रथाच्या दांडीला चिकटून राहिला नाही. जपणारा हात आणि सोडणारा हात एकच होता. संग नाही आणि उत्साह पुरेपूर आहे, हे एकाच माणसात कसं बसतं हा माझा प्रश्न होता ना? इथे बसलेलं दिसतं.

आता इथे एक प्रामाणिक अडचण आहे. घोड्याला तहान लागते, लोखंडाला नाही. ट्रकला काही कळत नाही. मग ही तुलना पोकळ तर नाही?

मान्य आहे. समजा, याच रविवारी त्या दोन तासांची गरज एखाद्या आजारी शेजाऱ्याला असेल, तर ट्रक तसाच ठेवून उठायला हवं. त्यात धर्मसंकट वगैरे काही नाही. लोखंडाचा आपल्यावर तेवढा हक्क नाही. पण आजचे श्लोक पुन्हा बघा. ते वस्तूविषयी नाहीतच, ते कर्त्याविषयी आहेत. ग्रीस जातं किंग पिनमध्ये, पण घडतो तो हात. ट्रकला दोन महिन्यांनी कापतील. हात मात्र माझ्याबरोबर पुण्याला येणार आहे.

जपतोय की धरून बसलोय, हे ओळखायचं कसं?

मी स्वतःपुरत्या तीन खुणा ठरवल्या आहेत.

पहिली खूण : मी करतेय ते त्या वस्तूच्या गरजेचं आहे, की माझ्या मनातल्या चित्राच्या? चांदणी घासून चकाचक करायची आणि फोटो टाकायचा, हे चित्राचं काम. गाडीखाली उताणं पडून पाट्यांच्या शॅकलमध्ये ग्रीस भरणं, हे गरजेचं. तिथे फोटो चांगला येत नाही! ग्रीसचीही एक रीत आहे. आधी निपल फडक्याने पुसायचं, नाहीतर बाहेरची धूळच आपण आत भरतो. मग गन लावून दाबत राहायचं, आतलं जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन मागोमाग नवं दिसेपर्यंत. नवं दिसलं की थांबायचं. जास्त भरल्याने जास्त प्रेम सिद्ध होत नाही.

दुसरी खूण : हे माझ्याऐवजी दुसऱ्या कुणी केलं तर मला चालेल का? चालणार असेल तर मी काम जपतेय. चालणार नसेल तर मी काम नाही, माझी जागा जपतेय.

तिसरी खूण : 'आता उतर' असं सांगितल्यावर उतरता येईल का? अर्जुनाला उतरायचं कारण आधी सांगितलं नव्हतं. तो उतरला. उतरला म्हणून वाचला. तो रथाला धरून बसला असता तर काय झालं असतं, विचार करा.

तिसऱ्या खुणेचं उत्तर मला अजून पूर्ण देता येत नाही. पण काकांना येतं. ट्रक जाणार हे त्यांना सांगायचं कसं, म्हणून घरात सगळे गप्प होते. काकांनीच विषय काढला. म्हणाले, "जाऊ दे की. आजून किती राबवायचा त्याला? फकस्त एक करा. वढून न्हेऊ नका. सोताच्या पायानं जाऊ दे." म्हणजे न्यायची गाडी आली की आमचा ट्रक सुरू होऊन, स्वतः फाटकापर्यंत चालत जावा.

मैत्रिणीला मी एवढंच सांगितलं. ग्रीस त्यासाठी आहे. तो थांबावा म्हणून नाही, नीट जावा म्हणून. आणि त्या दिवशी थंडीने प्लग तापले नाहीत, बॅटरीने दगा दिला आणि शेवटी ओढूनच न्यावा लागला, तरीही हे रविवार खोटे ठरणार नाहीत. जमलं काय, फसलं काय, आतून न हलणं म्हणतात ते बहुधा याच ठिकाणी शिकायचं असतं.

लोखंडापलीकडे

हे सगळं मी ट्रकसाठी लिहीत नाहीये, हे तुम्ही ओळखलं असेल.

कंपवात पूर्ण बरा होत नाही. औषधांनी त्रास कमी होतो, दिवस सोपे जातात. तेव्हा काकांची जी कामं असतात ती सगळी 'किरकोळ दुरुस्तीची' असतात. नखं कापणं. शर्टाची बारीक बटणं काढून मोठी लावणं, म्हणजे त्यांची त्यांना लावता येतील. चष्म्याच्या काडीचा स्क्रू आवळणं. न्हाणीघरात धरायला दांडी बसवणं. कपात चहा अर्धाच भरणं. यातल्या कशानेही ते बरे होणार नाहीत. आणि म्हणूनच घराघरांत एक वाक्य ऐकू येतं, फार प्रेमळ माणसांच्या तोंडूनही : "आता या वयात नवीन चष्मा कशाला?"

हे तेच वाक्य आहे. 'एवढ्याशाने काय होतंय.' सूत लांबवणं. आपण शेवटाकडे बघतो आणि आजची तहान नाकारतो. किंवा मग दुसऱ्या टोकाला जातो. हिसका देतो, बरे झालेच पाहिजेत म्हणून दहा डॉक्टर, पंधरा उपाय, आणि त्या माणसाला दोन मिनिटं निवांत बसू देत नाही. तामस कर्ता आणि राजस कर्ता आजाऱ्याच्या खाटेशीही उभे असतात. तिथे तिसऱ्याची फार गरज असते. बाण उपटणारा, मान चोळणारा, पाणी पाजणारा, आणि वेळ आली की शांतपणे बाजूला होणारा.

अशी सेवा एकदम जमत नाही. ती करायला आधी हात तयार व्हावा लागतो. कुणाचा हात मळ्यात तयार होतो, कुणाचा स्वयंपाकघरात, कुणाचा देवाची उपकरणी घासताना. माझा सध्या एका जुन्या ट्रकखाली, पाठीला पोतं घालून तयार होतोय. काका खुर्चीतून विचारतात, "आलं का नवं ग्रीस?" मी म्हणते, "आलं काका." ते म्हणतात, "मग फुडच्याकडं जा."

आजचा छोटा नेम

तुमच्या घरात, खोलीत, पीजीमध्ये एखादी अशी गोष्ट नक्की असेल जी महिनोन्‌महिने 'बघू नंतर' म्हणून राहिलीय. गळका नळ, सैल झालेलं हँडल, आजीच्या देवघरातली लुकलुकणारी वायर. त्यातली एकच निवडा. करताना फोटो काढू नका आणि झाल्यावर कुणाला सांगू नका. घाई वाटली की नाम घ्या. नाही जमलं तर तेल सोडून ठेवा, उद्या पुन्हा बघा.

आणि घरात कुणी वडीलधारं, थकलेलं माणूस असेल, तर आज त्यांचा चष्मा तेवढा पुसून द्या.

प्रार्थना : हे पार्थसारथी, माझ्या हाताला तुझ्या हाताची सवय लाव. जे आज माझ्याकडे सोपवलं आहेस, त्याचे बाण काढायला मला धीर दे, आणि 'उतर' म्हणशील तेव्हा उतरायला बळ दे.

उद्याचं वाचन : अध्याय १८, श्लोक २९ आणि ३०. बुद्धी आणि धृती.

राम कृष्ण हरी!